संगणकाचे दुकान काढावे, पण मालाने भरू नये

वाचकाचे पत्र: परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस घेतो. रस्त्याच्या कामात काही जमीन गेली, तिच्या मोबदल्यातले आठ लाख रुपये बँकेत ठेवले आहेत. धाकट्या मुलाने तंत्रनिकेतनातून संगणकाची पदविका पूर्ण केली असून त्याला सेलूत संगणक विक्री आणि दुरुस्तीचे दुकान टाकायचे आहे. थोरला पुण्यात नोकरीला आहे. त्याचे म्हणणे असे की, आता सगळे मोबाइलवर चालते, उरलेले काम एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) करणार, मग संगणक घेणार कोण? पैसे बुडतील. मी दहावीपर्यंतच शिकलो, त्यामुळे कोणाचे खरे मानावे हे मला कळत नाही, आणि या विषयावरून दोघा भावांचे बोलणे बंद होण्याची वेळ आली आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या धंद्याचे काय होईल आणि मी पैसे द्यावेत की नाही, याविषयी मार्गदर्शन करावे.

उत्तर: सप्रेम नमस्कार. निर्णय आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. धाकट्या मुलाला पैसे द्यावेत. मात्र आठच्या आठ लाख देऊ नयेत, एकदम देऊ नयेत, आणि दुकानात काचेआड नवे लॅपटॉप मांडून ठेवण्यासाठी तर मुळीच देऊ नयेत. थोरल्या मुलाची भीती खोटी नाही, पण ती संगणक विकण्याच्या धंद्याला लागू पडते. संगणक चालता ठेवण्याचा धंदा निराळा आहे, आणि माझ्या मते तालुक्याच्या गावात येती दहा वर्षे तरी त्याला काम कमी पडणार नाही. आपले दोन्ही मुलगे 'संगणकाचा धंदा' असे म्हणत असले तरी त्यांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळे धंदे आहेत, हे त्यांना एकत्र बसवून दाखवून दिले तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

यंत्र विकण्यातला नफा कसा आटत गेला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आयबीएम या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा वेळ वाचवण्यासाठी तिने त्याचे मुख्य भाग स्वतः न बनवता बाहेरून घेतले. प्रोसेसर, म्हणजे यंत्रातली मुख्य चिप, इंटेलचा होता आणि यंत्र चालवणारी मूळ प्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. हेच भाग इतरांनाही विकत मिळू शकत असल्यामुळे थोड्याच वर्षांत तसेच यंत्र बनवणाऱ्या अनेक कंपन्या उभ्या राहिल्या, किमती उतरत गेल्या आणि संगणक मोठ्या कचेऱ्यांतून छोट्या दुकानांत व घरांत गेला. पण ज्या कंपनीने हे यंत्र जगभर रूढ केले तिच्या हाती त्यातून फारसे काही उरेनासे झाले, आणि २००५ मध्ये आयबीएमने हा सगळा व्यवसाय लेनोव्हो या चिनी कंपनीला विकून टाकला. त्याआधी २००२ मध्ये कॉम्पॅक ही बलाढ्य कंपनी एचपीमध्ये विलीन झाली होती. पैसा टिकला तो प्रोसेसर आणि प्रणाली बनवणाऱ्यांकडे. यंत्र जोडून विकणाऱ्याकडे तो टिकला नाही. जे मोठमोठ्या कंपन्यांना साधले नाही ते तालुक्याच्या दुकानाला साधेल, असे गृहीत धरून जमिनीचा पैसा लावणे योग्य नाही.

आपल्या भागातील दुकानदारांना मधली काही वर्षे चांगली गेली, हेही खरे आहे, आणि धाकट्या मुलाच्या मनात बहुधा तेच चित्र असावे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या काळात छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर येथील दुकानदार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा सिकंदराबादच्या बाजारातून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि कॅबिनेट आणत आणि गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे यंत्र जोडून देत. देवगिरी एक्स्प्रेसच्या मार्गावर हे दोन्ही बाजार असल्यामुळे मराठवाड्याला त्याची सोय होती. जोडणीची मजुरी आणि प्रत्येक भागावरचा थोडा थोडा नफा मिळून एका यंत्रामागे बऱ्यापैकी रक्कम सुटत असे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावी पोचला आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले, तेव्हा प्रत्येक केंद्राला एकाच वेळी कितीतरी संगणक हवे असत. तो काळ आता गेला आहे. लॅपटॉप कारखान्यातूनच जोडून आणि बंद होऊन येतो. अनेक मॉडेलांत रॅमसुद्धा (चालू कामाची मेमरी) मदरबोर्डवरच डाखलेली असते, त्यामुळे दुकानदाराला जोडण्यासारखे काही राहत नाही. तोच लॅपटॉप ऑनलाइन विक्रीत कधीकधी दुकानदाराच्या खरेदीच्या भावापेक्षाही कमी किमतीत दिसतो. नव्या लॅपटॉपच्या विक्रीत सर्वसाधारणपणे दोन-चार टक्के सुटले तरी पुष्कळ, आणि तेवढ्यात दुकानाचे भाडे, वीज, वाहतूक, अडकलेल्या पैशांचे व्याज हे सगळे बसवायचे असते.

आता थोरल्या मुलाच्या मोबाइलच्या मुद्द्याकडे येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यापासून स्वस्त इंटरनेट वाड्यावस्त्यांवर पोचले, हे आपण स्वतः पाहिले आहे. सातबारा मोबाइलवर दिसतो, २०२१ पासून ई-पीक पाहणीही शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलनेच करतो, पैसे यूपीआयने जातात. पूर्वी केवळ पत्रव्यवहार, चित्रपट आणि बातम्यांसाठी ज्या घरांनी संगणक घेतला असता, ती घरे आता घेणार नाहीत. जगभराचा आकडाही हेच सांगतो: २०११ च्या सुमारास वर्षाला ३५ कोटींहून अधिक वैयक्तिक संगणक विकले जात होते, करोनाच्या काळात घरून काम आणि घरून शिक्षण यांमुळे मागणी पुन्हा वाढली, पण २०२३ मध्ये विक्री २५ कोटींच्या आसपास उतरली होती. थोरला मुलगा इथपर्यंत बरोबर आहे. परंतु वर्षाला २५ कोटी यंत्रे अजूनही कोणीतरी विकत घेत आहे, आणि ती कशासाठी घेत आहे, हा खरा प्रश्न आहे. मनोरंजन मोबाइलकडे गेले. ज्या कामात तासन्‌तास बसून मोठ्या पडद्यावर आकडे, नोंदी किंवा आराखडे हाताळावे लागतात आणि शेवटी छापील कागद द्यावा लागतो, ते काम संगणकावरच राहिले.

हे पाहण्यासाठी दूर जायला नको. धाकट्या मुलाला एक दिवस सेलूत पायी फिरायला सांगावे आणि कोणत्या दुकानात, कोणत्या कचेरीत संगणक चालू आहे याची यादी करायला सांगावी. जिनिंगमधला वजनकाटा आणि त्याच्या पावत्या, आडत दुकानातल्या मुनिमाचे टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, औषध दुकानाचे बिल, रक्ततपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल, पतसंस्थेचा काउंटर, वकिलांची आणि दस्तलेखकांची टेबले, शाळेच्या लिपिकाची यू-डायस प्लस (शाळांची माहिती) आणि शालार्थ (पगार) या प्रणालींतली कामे, आपले सरकार सेवा केंद्र, ग्रामपंचायतीचा परिचालक, पेट्रोल पंप, दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणाऱ्या यंत्राला जोडलेला संगणक आणि छोटा प्रिंटर, जवळपास सगळीकडे आलेले सीसीटीव्ही. यांतल्या बहुतेकांनी संगणक हौसेने घेतलेला नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, विवरणपत्रे ऑनलाइन भरणे भाग पडले आणि ज्यांनी आयुष्यभर लाल वहीत हिशेब लिहिला त्यांच्याही दुकानात किंवा त्यांच्या हिशेबनिसाकडे संगणक आला. आपल्याकडे संगणकाचा प्रसार बहुतांशी असाच झाला आहे: एखादे दप्तर, एखादी नोंद, एखादी परवानगी कागदावरून संगणकावर गेली की त्या कामातल्या सगळ्यांना संगणक लागतो. ही प्रक्रिया अजून पुष्कळ बाकी आहे. न्यायालयात दावे ऑनलाइन दाखल करण्याची पद्धत वाढत आहे. जुन्या अभिलेखांचे काम तर मराठवाड्यात वेगळेच मोठे आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन मोडी आणि उर्दू दप्तर उघडावे लागले, त्याच्या प्रती स्कॅन करून ठेवाव्या लागल्या, आणि असे कितीतरी दप्तर अजून कपाटांत आहे. ते जतन व्हावे असे मला मनापासून वाटते, आणि ते काम मोबाइलवर होणार नाही.

याउलट नुसते यंत्र वाटल्याने प्रसार होत नाही, याचेही उदाहरण आपल्या देशात आहे. विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातला 'आकाश' टॅबलेट २०११ मध्ये मोठ्या अपेक्षेने आला, पण तो कोणत्या कामासाठी वापरायचा, त्यावर मराठीतून काय शिकायचे आणि बिघडल्यावर कोणाकडे न्यायचा, यांची उत्तरे गावपातळीवर तयार नव्हती, आणि काही वर्षांत त्याचे नाव मागे पडले. यापुढेही शाळांना डिजिटल फळे आणि संगणक येत राहतील. ते वापरात राहतील की कोपऱ्यात धूळ खातील, हे बहुतेक वेळा त्या गावापासून तासाभराच्या अंतरावर दुरुस्त करणारा माणूस आहे की नाही यावर ठरते. आपल्याला ट्रॅक्टरचा अनुभव असेल: शोरूम जिल्ह्याला असते, पण पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला की शोध गावातल्या मिस्त्रीचा घ्यावा लागतो.

एआयविषयी आपल्या थोरल्या मुलाने जे सांगितले ते मी हलक्यात घेत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून जे बदलले आहे त्याचा पहिला फटका टायपिंग, अर्ज लिहून देणे, साधे भाषांतर, लग्नपत्रिका आणि जाहिरातींची जुळणी अशा कामांना बसणार आहे आणि काही ठिकाणी बसलाही आहे. मराठीत बोलले की मजकूर आपोआप उमटतो. त्यामुळे केवळ टायपिंग आणि झेरॉक्सच्या जिवावर दुकान चालवण्याचा विचार धाकट्याच्या मनात असेल तर तो त्याने सोडून द्यावा. मात्र एआय पतसंस्थेतल्या संगणकाचा जळालेला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलत नाही, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत नाही, उंदराने कुरतडलेली केबल शोधत नाही. उलट माणसे अशा साधनांवर जितकी विसंबतील तितका त्यांना बंद पडलेला संगणक आणि तुटलेले इंटरनेट जास्त अडचणीचे होईल. धाकट्याने एआयचा उपयोग स्वतःच्या कामात अवश्य करावा. एखादा अनोळखी बिघाड समजून घेण्यासाठी, करारपत्राचा मसुदा करण्यासाठी तो उत्तम आहे.

एआयचा दुसरा परिणाम आपल्या पैशांशी थेट संबंधित आहे. या सेवा ज्या मोठ्या केंद्रांतून चालतात त्यांना प्रचंड प्रमाणात मेमरी चिप लागतात, आणि त्यामुळे २०२५ च्या अखेरीस साध्या संगणकाच्या रॅमचे भावही एकाएकी चढले. मायक्रॉन या मोठ्या उत्पादक कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. एरवी संगणकाच्या मालाचे भाव उतरत जातात, म्हणून भरून ठेवलेला माल तोट्यात जातो. कधी असे अचानक चढतात आणि ठरलेल्या दराने यंत्र देण्याचा शब्द दिलेला दुकानदार अडचणीत येतो. सोयाबीनचा भाव पडला तर आपण पोती घरात ठेवून थांबू शकता. लॅपटॉप सहा महिने थांबला की तो जुने मॉडेल होतो. म्हणून मी पुन्हा सांगतो की, दुकानात विक्रीचा माल नसावा. गिऱ्हाइकाने नवे यंत्र मागितले तर निम्मी रक्कम आधी घेऊन, त्या दिवसाचा भाव लेखी देऊन, जिल्ह्याच्या वितरकाकडून ते मागवून द्यावे.

मग काम कशाचे करायचे? सध्याचे सर्वांत मोठे काम जुन्या संगणकांचे आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची मोफत अद्यतने, थांबवला. व्यक्तिगत वापरकर्त्यांना आणखी एक वर्षाची वाढीव मुदत देऊ केली, पण ती तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, त्यामुळे तालुक्यातील शाळा, दुकाने आणि छोट्या कचेऱ्यांतील पुष्कळ यंत्रे त्यात बसत नाहीत. ही सगळी भंगारात काढण्याची गरज नाही. ज्या यंत्रात अजून फिरती हार्ड डिस्क आहे तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवली की यंत्राचा वेग गिऱ्हाइकाला लगेच जाणवतो. ज्यांचे काम फक्त ब्राउझर आणि पत्रांपुरते आहे त्यांना लिनक्स ही मोफत प्रणाली घालून देता येते. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली त्यातलीच आहे. ज्यांची टॅली किंवा विशिष्ट सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते त्यांना मात्र नवे यंत्र घ्या असे स्पष्ट सांगावे. कोणते यंत्र वाचवण्यासारखे आहे आणि कोणते नाही, हे गिऱ्हाइकाच्या खर्चाचा विचार करून प्रामाणिकपणे सांगणारा माणूस गावात असणे, ही त्या गावाची मोठी सोय असते.

याच्या जोडीला आपल्या हवामानाचे आणि विजेचे काम आहे. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात यंत्राच्या आतले तापमान किती होत असेल याची कल्पना करावी. जिनिंगच्या परिसरात कापसाचा तंतू पंख्यात आणि हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) नमद्यासारखा बसतो आणि यंत्र तापून आपोआप बंद पडू लागते. गिऱ्हाइकाला वाटते की मदरबोर्ड गेला, आणि प्रत्यक्षात आतून साफसफाई करून प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलणे पुरेसे असते. विजेचा दाब कमी-जास्त होण्याने एसएमपीएस आणि यूपीएसच्या बॅटऱ्या जातात. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल निघून जाते आणि अर्थिंग कमकुवत होते. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ही तक्रार त्यातूनच येते. धाकट्याने मल्टिमीटर घेऊन वार्षिक देखभालीचा करार केलेल्या प्रत्येक दुकानाचे अर्थिंग मार्चमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा तपासले तर त्याची निम्मी गिऱ्हाइके त्याला कधीच सोडणार नाहीत. पुण्या-मुंबईच्या अभ्यासक्रमात हे कोणी शिकवत नाही.

सर्वांत मोलाची सेवा मात्र बॅकअपची, म्हणजे माहितीची जादा प्रत ठेवण्याची, आहे, आणि तिच्याविषयी मला अधिक आग्रहाने सांगावेसे वाटते. तालुक्यातील किती पतसंस्थांचे, औषध दुकानांचे, आडतींचे वर्षानुवर्षांचे हिशेब एकाच यंत्रातल्या एकाच डिस्कवर आहेत, याचा विचार केला की काळजी वाटते. ती डिस्क गेली किंवा एखाद्या फसव्या फाइलमुळे सगळा डेटा कुलूपबंद होऊन खंडणीची मागणी आली, तर ठेवीदारांची नावे आणि शिल्लक पुन्हा उभी करणे फार कठीण जाते. रोज संध्याकाळी आपोआप होणारी एक प्रत त्याच इमारतीत, एक प्रत इमारतीबाहेर, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून खरोखर माहिती परत काढून दाखवणे, एवढे काम करारात लिहून घ्यावे. बहुतेक जण प्रत घेतात, पण ती उघडते की नाही हे पाहत नाहीत. जुने मराठी दस्त श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये अडकलेले असतात आणि नव्या यंत्रावर ते वाचता येत नाहीत. ते युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणून देण्याचे कामही याच करारात घेता येईल. हे सगळे करताना लोकांची खासगी माहिती धाकट्याच्या हाती येणार आहे. दुरुस्तीला आलेल्या यंत्रातले फोटो, पासवर्ड, कागदपत्रे यांच्याकडे त्याने नजरही टाकू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहेच; परंतु लहान गावात एकदा विश्वास गेला तर कायद्यापर्यंत गोष्ट जाण्याआधीच दुकान बंद होते.

पैसे देण्यापूर्वी एक अट घालावी. पदविकेत प्रोग्रॅमिंग शिकवतात. सोल्डरिंगचा हात, चिप स्तरावरची दुरुस्ती, नेटवर्कची केबल ओढणे आणि रागावलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणे हे काम करूनच येते. त्याने परभणीत किंवा छत्रपती संभाजीनगरात एखाद्या चालत्या दुरुस्ती केंद्रात किमान आठ महिने, शक्य तर वर्षभर, मिळेल त्या पगारावर काम करावे. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या परिसरात नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचे केंद्र आहे. तेथील अभ्यासक्रमांची चौकशी करावी. हे वर्ष वाया गेले असे त्याला वाटेल, पण ज्या चुका स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या यंत्रावर झाल्या असत्या त्या तिथे कोणाच्या तरी देखरेखीखाली होतील.

त्यानंतर पहिला हप्ता अडीच लाखांचा द्यावा. त्यात जागेची अनामत, दुरुस्तीचे चांगले टेबल, सोल्डरिंग आणि हॉट एअरची साधने, डेटा काढण्याची उपकरणे, एक इन्व्हर्टर, आणि रोज लागणारे सुटे भाग बसतील: काही एसएमपीएस, काही एसएसडी, चार्जर, कीबोर्ड, केबल आणि यूपीएसच्या बॅटऱ्या. दुकान मुख्य रस्त्यावर असण्याची गरज नाही. दुरुस्तीचा माणूस गल्लीत असला तरी लोक शोधत येतात, आणि भाड्यात मोठा फरक पडतो. वर्षभरानंतर वार्षिक देखभाल करारांतून, म्हणजे ज्याला बाजारात एएमसी म्हणतात त्यातून, दुकानाचे भाडे, वीज आणि त्याचा स्वतःचा महिन्याचा खर्च निघत असेल तरच दीड लाखांचा दुसरा हप्ता द्यावा. उरलेल्या चार लाखांना हात लावू नये. कोरडवाहू शेतीत एक वर्ष पाऊस गेला की घराला पैसा लागतो, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. आणखी भांडवल लागलेच तर मुद्रा योजनेच्या किशोर गटातून ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. बँकेचा हप्ता डोक्यावर असला की हिशेबही नीट ठेवला जातो.

या धंद्यात तालुक्याच्या गावी दुकाने बुडतात ती बहुधा उधारीमुळे. गिऱ्हाईक ओळखीचे असते, नात्यातले असते, 'सोयाबीन गेले की देतो' असे म्हणते, आणि ते खोटे बोलत नसते; पण वितरकाला पैसे सोयाबीनची वाट पाहून देता येत नाहीत. म्हणून सुट्या भागाचे पैसे रोख घ्यावेत आणि उधारी द्यायचीच तर फक्त स्वतःच्या मजुरीची द्यावी, म्हणजे बुडाले तर श्रम बुडतील, भांडवल नाही. सरकारी कामांबाबतही असेच आहे. शाळा आणि ग्रामपंचायतींचे काम जरूर करावे, परंतु त्यांची बिले अनेकदा मार्चअखेरीपर्यंत लांबतात, त्यामुळे एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त सरकारी काम पहिल्या दोन वर्षांत घेऊ नये. उद्यम नोंदणी सुरुवातीलाच करून घ्यावी. सेवा देणाऱ्या लहान उद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन कायद्यात आहे, आणि बिलावर नोंदणी क्रमांक असला की निदान मागणी ठामपणे करता येते. निकामी यंत्रे आणि बॅटऱ्या भंगारवाल्याला तशाच देऊ नयेत. एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, बॅटऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत, आणि हा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. बोर्ड जाळून तांबे काढण्याचा धूर अखेर आपल्याच गावात राहतो.

थोरल्या मुलाला या व्यवहाराबाहेर ठेवू नये. पैसा घरच्या जमिनीचा आहे, त्यावर त्याचाही हक्क आहे, आणि त्याची शंका या कामात उपयोगी पडणारी आहे. दुकानाचा हिशेब टॅलीत ठेवून त्याची प्रत दर महिन्याच्या पाच तारखेला पुण्याला जावी, आणि थकबाकी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर दुसरा हप्ता थांबवण्याचा अधिकार त्याला द्यावा. अडीच लाख हे धाकट्याच्या वाट्यातले धरायचे की घराने दिलेले कर्ज धरायचे, हे आताच ठरवून साध्या कागदावर लिहावे आणि त्यावर तिघांच्या सह्या घ्याव्यात. पुढे वाटणीच्या वेळी ज्या गोष्टींवरून भाऊ एकमेकांना पारखे होतात त्यांत अशी तोंडी राहिलेली रक्कम बहुतेक वेळा असते. हा कागद धाकटा परभणीला किंवा संभाजीनगरला कामावर रुजू होण्यापूर्वीच करावा, आणि दुकानाच्या जागेचा करार तिथले काम पूर्ण झाल्यानंतरच्या दसऱ्याच्या सुमारास, हंगामाचा पैसा बाजारात येऊ लागला की करावा.